वेगळा पेला

पेला घासायचा की नाही, यावरून शनिवारी सकाळी हरिदास गायकवाड आणि त्यांची लेक धम्मशीला यांची जुंपली होती.

पेला टिनचा होता. कान एका बाजूनं सुटलेला, बुडाला गंज, आणि पोटावर खिळ्यानं टोचून काढलेली एस, ए, एम अशी तीन इंग्रजी अक्षरं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कालच्या पेपरवर तो ठेवला होता आणि उद्या दुपारी विहारातल्या काचेच्या कपाटात जायचा होता. धम्मशीलेचं म्हणणं एवढंच, की दोनशे माणसं बघणार आहेत तर निदान चिंच लावून पुसून तरी घेऊ. हरिदासचं म्हणणं, अपमानाला पॉलिश करायचं नसतं. शहात्तर वर्षांचा माणूस चहाच्या आधीच असली वाक्यं बोलू लागला की त्याच्याशी वाद घालू नये, हे धम्मशीला बेचाळीस वर्षांत शिकली होती. तिनं चिंच परत बरणीत टाकली आणि मटण चिरायला घेतलं.

धर्मांतराला पन्नास वर्षं होत होती. चौदा ऑक्टोबर शनिवारी आली होती, पण बर्मिंगहॅमच्या मंडळींना सोयीचा वार रविवारच, म्हणून कार्यक्रम उद्या. जुनं चॅपल विकत घेऊन केलेल्या विहारात उद्यापासून एक कोपरा हरिदासच्या आजोबांच्या नावाचा होणार होता.

आजोबा म्हणजे सटवा गायकवाड. नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यात जन्मलेलं, ज्वारीवरची पाखरं हाकायला गोफण फिरवण्यात पटाईत असलेलं पोर. नगरच्या अमेरिकन मिशनमधल्या एका पाद्रीसाहेबानं त्याच्या हाताचा नेम पाहिला, त्याला बेसबॉल शिकवला आणि १९०१ साली मायदेशी परतताना मुलं सांभाळायला म्हणून बोटीनं बरोबर नेलं; सटवाची बायको आणि तान्हा मुलगा गावीच राहिले. तिकडं एका गिरणीगावात सटवा आठवडाभर सुताच्या कारखान्यात राबायचा आणि शनिवारी कारखान्याच्या संघातून खेळायचा. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, अर्ध्या खेळाचा मालक. क्रिकेटच्या मुलखात आयुष्य गेल्यामुळं हरिदासना हे दर भाषणात समजावून सांगावं लागे. सटवा हात खाली नेऊन, गुडघ्यापासून चेंडू सोडायचा. ती गोफणीची सवय. चेंडू बॅटपाशी आला की एकदम खाली बुडायचा. १९०६ पासून पाच उन्हाळे तो एका छोट्या व्यावसायिक लीगमध्ये 'सॅम' या नावानं पगारी पिचर होता, आणि त्यातल्या एका उन्हाळ्यात त्यानं संघाला एकोणीस सामने जिंकून दिले. मग खांदा गेला. १९१२ साली तो एक ट्रंक, एक चेंडू आणि हा पेला घेऊन गावी परत आला. चेंडूची गावच्या पोरांनी वर्षभरात वाट लावली. पेला तेवढा राहिला.

आणि पेला हाच हरिदासच्या भाषणाचा कळस. संघातले सगळे गोरे एका बादलीतून, एकाच ओगराळ्यानं पाणी प्यायचे आणि आमच्या सटवाआजाच्या हातात मात्र हा वेगळा पेला दिला होता, असं म्हणून ते खिशातून पेला काढून वर धरायचे. "सात समुद्र ओलांडले, तरी पेला वेगळाच." १९६८ पासून बर्मिंगहॅम, हाउन्सलो, वुल्वरहॅम्प्टन, जिथं जिथं आपली माणसं जमली तिथं हे वाक्य झालं होतं, आणि प्रत्येक वेळी सभा चिडीचूप झाली होती.

उद्या पेला कपाटात ठेवायचा मान क्लॅरन्सचा होता. क्लॅरन्स मूळ जमैकाचे, ऐंशीचे. १९६४ साली ते आणि हरिदास एकाच फाउंड्रीत भट्टीवर होते. तिथल्या कँटीनमध्ये काळ्या आणि ब्राउन कामगारांचे मग वेगळ्या खुंट्यांना टांगलेले असत. एका सकाळी या दोघांनी आपापले मग काढून गोऱ्यांच्या खुंट्यांवर टांगले. पुढं नऊ दिवस काम बंद राहिलं, दोघांनाही मार बसला, पण खुंट्या एक झाल्या. हरिदासना वाटायचं, क्लॅरन्सच्या हातून पेला कपाटात गेला की सटवाआजाच्या जिवाला शांती लाभेल. आत्मा मानत नसल्यामुळं ते हे कुणाजवळ बोलले नव्हते.

कपाट तेवढं खट्याळ होतं. बंद पडलेल्या एका ज्वेलरचं सेकंडहँड कपाट, त्याच्या काचेच्या दाराला स्प्रिंग. हात सोडला की दार आपोआप मिटायचं. त्यामुळं हरिदासनी दार धरायचं आणि क्लॅरन्सनी पेला ठेवायचा, असं ठरलं होतं आणि त्याची दोनदा रंगीत तालीमही झाली होती.

*

अतुल वॉटफर्डहून निघाला तेव्हा कोटाच्या आतल्या खिशात ते पाकीट होतंच. तीन आठवडे होतं.

अतुल हा हरिदासच्या थोरल्या भावाचा मुलगा. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, वॉटफर्डच्या मराठी मंडळाचा दोन वर्षं उपाध्यक्ष. गायकवाड हे आडनाव मोठं सोयीचं आहे. ऐकणारा आपल्या मनानं शहाण्णव कुळी ठरवून मोकळा होतो, आणि अतुल कधी खोटं बोलला नव्हता, त्यानं फक्त ऐकणाऱ्याची चूक दुरुस्त केली नव्हती. बायको मधुमती देशस्थांची. तिला लग्नाआधीपासून सगळं ठाऊक होतं. तुला सांगायचं नसेल तर मी कशाला सांगू, असं ती एकदाच म्हणाली होती, आणि त्यानंतर त्या दोघांत हा विषय निघाला नव्हता. उद्याच्या कार्यक्रमाला ती आली नाही. मंडळाच्या दिवाळी अंकाची प्रुफं आडवी आली.

शेजारी अक्षरा बसली होती. वीस वर्षांची, इतिहास शिकणारी, आणि या सगळ्याचं मूळ. कॉलेजच्या कामासाठी तिनं सटवाआजोबांच्या त्या गिरणीगावातल्या लायब्ररीला ईमेल केली. तिथल्या बाईंनी १९०८ च्या पेपरातलं कात्रण स्कॅन करून पाठवलं. अक्षरानं ते आधी वडलांना दिलं. मी बघतो, असं म्हणून त्यानं ते खिशात घातलं.

काय बघितलं, तर रोज बघितलं. आणि पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याला आनंद झाला होता. ही गोष्ट त्याला स्वतःलाच सहन होत नव्हती. वीस वर्षं काकांनी त्याला लपून जगणारा म्हणून टोमणे मारले होते. लग्नात, मयतीत, फोनवर. आणि आता काकांच्याच देव्हाऱ्यातल्या देवाचं पितळ उघडं पडलेलं, आणि ते त्याच्या खिशात. तो आनंद मिनिटभर टिकला असेल. पण झाला होता, हे खरं.

"डॅड, तुम्ही आज त्यांना दाखवणार ना?" सर्व्हिस स्टेशन मागं गेल्यावर अक्षरानं विचारलं. "उद्या मिस्टर क्लॅरन्स तो पेला ठेवणार. त्याच्या आधी सांगायला पाहिजे. नाहीतर इट्स नॉट फेअर ऑन हिम."

अतुल म्हणाला, जेवण झाल्यावर. दोन घास सुखानं खाऊ दे त्यांना.

*

जेवण झालं. बाजरीची भाकरी, मटणाचा रस्सा, कांदा. कांताबाई, हरिदासची थोरली बहीण, खुर्ची खिडकीशी ओढून डुलकी काढायला बसल्या. त्या ऐंशीच्या. त्यांना कमी ऐकू येतं असा घरात समज होता आणि तो मोडायची त्यांना घाई नव्हती.

अतुलनं पाकीट टेबलावर, पेल्याच्या शेजारी ठेवलं. काका, हे उद्याच्या आधी वाचा, एवढंच म्हणाला.

धम्मशीला भांडी विसळत होती. पाठमोरी असूनही तिला बाबांच्या वाचण्याचा वेग कळत होता. ते पेपरही ओठ हलवत वाचायचे. आधी ओठांचा बारीक आवाज येत होता, मग तो थांबला, मग चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तिनं नळ बंद केला आणि हात न पुसताच तो कागद घेतला.

कात्रणात लिहिलं होतं, की हिंदुस्थानातल्या उच्च ब्राह्मण कुळातला हा पिचर मैदानावरही आपल्या धर्माचे नियम पाळतो. संघाच्या बादलीतलं पाणी तो घेत नाही, कारण ते निग्रो नोकराच्या हातचं असतं. 'आमच्या देशात हलक्या जातीच्या माणसाच्या हातचं पाणी आम्ही पीत नाही. त्याची सावली पडली तरी आंघोळ करावी लागते,' असं त्यानं बातमीदाराला सांगितलं. त्याच्या मागणीवरून त्याला वेगळा पेला दिला असून, बादली सांभाळणाऱ्या ओटिस नावाच्या नोकराला कामावरून कमी केलं आहे. खाली फोटो होता. फेटा बांधलेला तरुण सटवा, हात गुडघ्यापाशी, आणि कमरेला दोरीनं बांधलेला हाच पेला.

तिनं दोनदा वाचलं. तिला आधी लाज वाटली ती त्या फोटोची. आजा किती ऐटीत उभा होता.

हरिदासनी मग बोलायला सुरुवात केली, आणि ते सभेत बोलावं तसं बोलले. पेपरवाले कुणाच्याही तोंडी काहीही घालतात. काळ्या माणसाला त्या खेळात घेतच नव्हते, मग मॅनेजरनं ब्राह्मणाचं सोंग काढलं असेल, त्यात सटवाआजाचा काय दोष. इंग्रजी तरी त्यांना कितीसं येत होतं. अक्षरानं शांतपणे सांगितलं की ते सात वर्षं तिकडं होते, त्यांना चांगलं येत असणार. यावर हरिदास तिच्याकडं वळलेच नाहीत. ते अतुलकडं वळले.

"तीन आठवडे खिशात घालून हिंडलास आणि आज काढलंस. उद्या माझी मान खाली जावी म्हणून."

"तसं नाही काका."

"मग कसं? तुला आता आधार मिळाला. आजानंच लपवलं, मग मी लपवलं तर काय बिघडलं, असंच ना?"

अतुलचा चेहरा उतरला, कारण नेम बरोबर बसला होता. पण माणूस पकडला गेला की भलतंच बोलतो. तो म्हणाला, "मी गप्प राहिलो, कबूल आहे. पण मी कधी कुणाचं पाणी नाकारलं नाही."

ते अक्षराला सोसवलं नाही. शीला आत्याकडं न बघता ती म्हणाली, "डॅड, माझा सिक्स्टीन्थ बर्थडे."

"अक्षरा, नको," धम्मशीला म्हणाली.

"आत्या आली होती. तिनं दारात जय भीम म्हटलं. तुम्ही तुमच्या मंडळातल्या अंकलना काय सांगितलं? या आमच्या ओळखीच्या नर्सबाई आहेत, बर्मिंगहॅमच्या. ओळखीच्या. मी तिथंच होते, केक घेऊन."

हरिदासनी लेकीकडं पाहिलं. खरं का, असं त्यांनी नुसत्या मानेनं विचारलं. धम्मशीलेनं हात पुसायला टॉवेल घेतला आणि तो नको इतका वेळ हातात धरून ठेवला. चार वर्षं झाली बाबा, ती म्हणाली. दादाची मंडळातली माणसं होती. मला काही वाटलं नाही.

वाटलं होतं. परतीच्या ट्रेनमध्ये तिनं पर्समधून स्वतःचं हॉस्पिटलचं ओळखपत्र काढून त्यावरचं गायकवाड हे नाव वाचलं होतं, जणू खात्री करायला. अतुलदादानं लहानपणी तिला सायकल शिकवली होती. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी दादाचं तोंड पाहिलं नसतं, म्हणून ती मूग गिळून बसली होती. आणि आता तेच दादाच्या मुलीनं सांगून टाकलं, तरी धम्मशीलेला दादाचीच दया येत होती. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभा होता.

"सटवाआजानं मागूनच घेतला व्हता तो पेला."

कांताबाई डोळे मिटूनच बोलल्या. सगळे त्यांच्याकडं वळले.

"मी चौदाची असंन. आजा दारात बसायचा. पेला दारामागं खुंटीला. कुनी हात लावायचा न्हाई. एका उन्हाळ्यात मी शेतावरनं आले, घसा सुकलेला. पटकन तो घेतला आन् रांजणात बुडवला. आजा उठला. मला वाटलं आता मारतोय. त्यानं पेला घेतला, पानी वतून दिलं, आन् म्हनला, पोरी, यात पिऊ नगं. ह्यो मी मागून घेतलाय, एका गरिबाच्या पोटावर पाय दिऊन." कांताबाईंनी डोळे उघडले. "नाव ओटिस म्हनला व्हता का काय ते मला याद न्हाई. पन बादलीवाला म्हनला व्हता."

"आक्का," हरिदास म्हणाले, "चाळीस वर्षं मी बोलत आलो. तू समोर बसून ऐकत आलीस."

"मग काय करू? तू पैल्यांदा बोललास तवा आठवीत व्हतास. शाळेत तुला मास्तर वरनं पानी वतायचा, लांबून, वंजळीत. घरी येऊन रडायचास. आन् एक दिस तू त्या पेल्याची ही गोष्ट जुळवलीस आन् रडायचा थांबलास. आजा मरून वरीस झालं व्हतं. म्या म्हनलं, असू दे. ती आजाची गोष्ट नव्हतीच रं. ती तुझी व्हती."

हरिदास खाली बसले. खरंच होतं. त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं की पेला गोऱ्यांनी दिला. आजानं तर उभ्या जन्मात त्यांच्याजवळ त्या पेल्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. घरात एक वेगळा पेला टांगलेला होता, आणि महारवाड्यातल्या पोराला वेगळा पेला दिसला की त्याचा एकच अर्थ सुचतो. दुसरा कुठला सुचणार? त्या अर्थावर त्यांनी आठवीपासून आजवर सगळं बांधलं होतं. फाउंड्रीतल्या खुंटीवरचा मग काढताना त्यांच्या मनात हाच पेला होता. आणि तेव्हा शेजारी क्लॅरन्स उभे होते.

"क्लॅरन्सला काय सांगू?" ते कुणालाच न विचारता म्हणाले.

अतुलनं सुचवून पाहिलं, की उद्याचा दिवस जाऊ द्यावा. कात्रण आपल्या पाच जणांत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याच्याच लक्षात आलं. पण हरिदास चिडले नाहीत. त्यांनी पुतण्याकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात पहिल्यांदाच राग नव्हता. ओळख होती. त्यांनीही गेली दहा मिनिटं मनात तोच विचार केला होता, अगदी याच शब्दांत.

*

रविवारी विहार भरला होता. बुद्धवंदना झाली, लहान मुलींचं गाणं झालं, कौन्सिलचे एक सद्गृहस्थ नमो बुद्धाय म्हणायला शिकून आले होते ते त्यांनी दोनदा म्हटलं. क्लॅरन्स पहिल्या रांगेत, काळा सूट, दोन्ही हात काठीवर.

अतुल शेवटच्या रांगेत दाराशी बसला होता. कार्यक्रम संपला की सगळ्यांचा एकत्र फोटो निघणार होता आणि तो विहार चालवणाऱ्या सोसायटीच्या वेबसाइटवर नावानिशी जाणार होता. त्याआधी गाडीत जाऊन बसायचं, असं त्यानं शुक्रवारीच ठरवलं होतं. काकांनी काय ठरवलं ते त्याला माहीत नव्हतं. सकाळी पेला खिशात घालताना फक्त दाढी करायची राहिली आहे असं म्हणाले.

हरिदास उठले. भाषणाचे कागद त्यांनी उघडले, पुन्हा त्यांची घडी घातली आणि ते खिशात ठेवले. पेला काढून वर धरला. सभा सवयीनं चिडीचूप झाली. पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं, पुढच्या रांगेतल्या एका आजींचे ओठ हललेसुद्धा.

"हा पेला," ते म्हणाले, आणि थांबले. "हा पेला माझ्या आजाला कुणी दिला नाही. त्यानं तो मागितला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आधी मराठीत, मग क्लॅरन्सकडं तोंड करून इंग्रजीत. कात्रण वाचून दाखवलं, त्यातला निग्रो हा शब्दही गाळला नाही. ब्राह्मण म्हणवून घेतलं नसतं तर सटवाला खेळायला मिळालं नसतं, हे सांगितलं, आणि म्हणून माफ करा असं मी म्हणणार नाही, हेही सांगितलं. गावात पाण्यावरून जे आपल्याला करत होते, तेच माझ्या आजानं तिकडं दुसऱ्या माणसाला केलं. "आणि मी तुम्हाला चाळीस वर्षं खोटं सांगितलं. मला माहीत नव्हतं. पण मी कधी विचारलंही नाही. मला ती गोष्ट फार आवडत होती. मला लाज वाटते."

मागं बसलेला अतुल वाट बघत होता. आता आपलं नाव येईल, आता येईल. वाढदिवस येईल, वॉटफर्ड येईल. काकांचा हक्कच होता. पण हरिदासनी त्याचं नाव घेतलं नाही. जे लाजिरवाणं होतं ते सगळं त्यांनी स्वतःवर आणि स्वतःच्या आजावर घेतलं आणि ते व्यासपीठावरून खाली उतरले. नाव घेतलं असतं तर अतुलला रागवायला तरी जागा मिळाली असती.

हरिदास क्लॅरन्ससमोर उभे राहिले आणि पेला पुढं केला. क्लॅरन्सनी तो घेतला. उलटा करून बूड पाहिलं, सुटलेला कान बोटानं दाबून पाहिला.

"त्या ओटिसचं पुढं काय झालं, हॅरी?"

"माहीत नाही. कुणी लिहून ठेवलं नाही."

क्लॅरन्सनी मान डोलावली. मग त्यांनी पेला हरिदासच्या हातात परत दिला. "मग हा मी ठेवणार नाही. तुमच्या घरचा आहे, तूच ठेव," ते म्हणाले. "मी कुठं जात नाही. इथंच बसलोय."

हरिदास कपाटाकडं गेले. सगळ्या सभेसमोर ती पंधरा पावलं त्यांना चालायची होती, आणि ती ते चालले. एका हातात पेला. दुसऱ्या हातानं त्यांनी काचेचं दार उघडलं आणि पेला आत न्यायला वाकले तर दार स्प्रिंगनं मिटून त्यांच्या मनगटावर आपटलं. त्यांनी पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. तालमीत दार धरायला ते स्वतः होते. आज धरायला कुणी नव्हतं. धम्मशीला कांताबाईंचा हात सोडून उठू लागली.

तिच्याआधी मागून कुणीतरी भरभर चालत आलं. अतुलनं दोन्ही हातांनी दार धरलं. काकांनी त्याच्याकडं पाहिलं नाही, की त्यानं काकांकडं. पेला आत गेला. आधी तो भिंतीकडं तोंड करून ठेवला गेला, मग हरिदासनी तो फिरवला आणि सॅम ही अक्षरं समोर आणली. सावकाश केलं त्यांनी. तेवढा वेळ अतुल दार धरून उभा होता, आणि अख्खी सभा त्याला बघत होती.

फोटोग्राफर पुढं झाला. सोसायटीचे सेक्रेटरी वही घेऊन फोटोतल्यांची नावं टिपू लागले. वेबसाइटसाठी लागतात, म्हणाले. हरिदास, कांताबाई, अक्षरा यांची झाली. अतुलपाशी ते अडले. या साहेबांना मी ओळखलं नाही, असं ते धम्मशीलेला म्हणाले.

तिनं अतुलकडं एकदा पाहिलं. त्याला दाराकडं जायला वाट हवी असेल, असं तिला वाटलं. चार वर्षं ती त्याला सांभाळून घेत आली होती, आताही तिच्या तोंडून तेच निघालं. "ओळखीचे आहेत," ती म्हणाली. "वॉटफर्डचे."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. अतुलनं तो शोधला, पण नव्हता.

"मी भाऊ आहे हिचा," तो म्हणाला. "अतुल गायकवाड."

त्याचा आवाज इतका खाली गेला होता की सेक्रेटरींना ऐकू गेलं नाही. त्यांनी पेन थांबवून कानामागं हात नेला आणि परत विचारलं, कोण म्हणालात? आणि अतुलला ते सगळ्यांसमोर पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.